बेटावरच्या सापाचे दुसरे लेखक

काका, तुम्ही गेल्याचं तुमच्या मुलानं, नितीनदादानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: “पण बावीस नंबरचं अजून ठरलं नाही.” तो बिचारा मुंबईचं तिकीट शोधत होता आणि मी त्याला बरणीचा नंबर सांगत होते. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. मग वाटलं, तुम्ही असतात तर मला नाही, त्यालाच रागावला असतात, की पोरगी कामाचं बोलतेय तर ऐकून घे. रडायचं ते मी नंतर रडले. पुष्कळ रडले, तेही सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला काही वाटलंच नाही.

सध्या इथे अमेरिकेत, आपल्या पिस्कॅटवे गावात सगळे तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलतायत. शांत स्वभाव, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान डोलावते. माझ्याशी तुम्ही जेवढे भांडलात तेवढा माझा सख्खा भाऊही कधी भांडला नाही, पण हे सांगायचं कुणाला?

आपली ओळख लॉन्ड्रीतली. दोन हजार सहाचा हिवाळा तोंडावर होता. बिल्डिंगच्या तळघरात तुम्ही मशीनसमोर राखणदारासारखे बसला होतात, कारण तुमच्या सुनेनं, वैशालीवहिनीनं सांगितलं होतं की कपडे झाले की लगेच काढा. मी लॅबचा कोट मशीनमध्ये टाकायला लागले तर तुम्ही नाक वर करून वास घेतलात. सरळ विचारलंत, स्पिरिटमध्ये काय ठेवता? मी म्हटलं, साप. हे ऐकल्यावर आपली माणसं साधारण दोन पावलं मागं सरकतात. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि विचारलंत, फॉर्मलिनमधून काढल्यावर किती दिवस पाण्यात धुता? एवढं नेमकं मला माझ्या तोंडी परीक्षेतही कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही झूलॉजीचे का, असं विचारलं तर म्हणालात, “बार्शीला कॉलेजात होतो. तीस वर्षं.”

बस, एवढंच म्हणालात. पुढचं सगळं मी मनानं रचलं. पांढरे केस, जाड चष्मा, कॉलेज आणि तीस वर्षं म्हटल्यावर आपल्याकडे माणसाचा सर होतो. त्यात नितीनदादाच्या ऑफिसातली सगळी मंडळी तुम्हाला सरच म्हणायची. पुढच्याच आठवड्यात मी माझ्या गाइडबाईंना सांगून टाकलं की भारतातले एक निवृत्त प्रोफेसर आलेत, त्यांना आपला संग्रह बघायचाय. बाई खूश. त्या तुम्हाला ‘प्रोफेसर शेटे’ म्हणाल्या की तुम्ही जमिनीकडे बघायचात. मला वाटायचं, काय विनय आहे माणसाचा.

तुम्हाला सापडलेलं काम असं होतं. कॅरिबियन समुद्रातलं एक एवढंसं बेट. त्यावर एक हातभर लांबीचा ठेंगणा बोआ राहतो. दिवसा लपतो, रात्री पाली खातो, आणि कुणी धरलंच तर चेंडूसारखा गोळा होऊन डोळ्यांतून रक्त काढून दाखवतो. शेजारच्या मोठ्या बेटावर त्याच्यासारखेच साप आहेत. म्हणून फार पूर्वी कुणीतरी ह्याला त्यांची उपप्रजाती ठरवून टाकलं होतं. म्हणजे ओळख आहे, पण दुसऱ्याच्या घरात पाहुण्यासारखी. माझं म्हणणं होतं की हा स्वतंत्र आहे, त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळायला हवा. माझ्या पीएचडीचं मुख्य प्रकरण ह्यावर उभं होतं. पोटावरचे खवले मी मोजले होते, आणि लहान बेटावरच्या सापांचे खवले जास्त भरत होते. आता फक्त लिहून काढायचं बाकी, अशा थाटात मी होते.

तुम्हाला मांडूळ माहीत होतं. तुम्ही म्हणालात, हे आमच्या मांडुळाचं भावंड दिसतंय. मी ऐटीत सांगितलं की मांडूळ बोआच्या घराण्यातलं आहे खरं, पण हा ठेंगणा बोआ नावापुरताच बोआ. त्याचं घराणंच वेगळं, लोकांनी आपलं नाव पाडलंय. तुम्ही लॅबच्या टेबलावरची बरणी जवळ ओढलीत.

“मग माझ्यासारखंच झालं की त्याचं,” तुम्ही म्हणालात. “मी सर न्हाई, बाई. लॅब अटेंडंट होतो.”

तुम्ही तीस वर्षं बेडूक आणून दिलेत, ट्रे मांडलेत, नमुने भरलेत, मुलांनी फोडलेल्या काचा उचलल्यात. नितीनदादानं कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. वडील कॉलेजात होते एवढंच तो म्हणाला, आणि लोकांनी सर केलं तेव्हा खरं सांगायचं राहून गेलं. तुम्ही मला विनवलंत की हे कुठं बोलू नको, पोराची इथं पत आहे. मी शब्द दिला. तुम्ही डबा उघडून मला अर्धी भाकरी दिलीत आणि आपण जेवलो.

मग तुम्ही मोजायला बसलात. तुमची तऱ्हा मी ह्या जन्मात विसरणार नाही. दोन वाट्या. एकीत वहिनीच्या डब्यातली ज्वारी, दुसरी रिकामी. एका खवल्यावर सुई टेकवली की एक दाणा इकडून तिकडे. पहिल्या दाण्याला “लाभ” म्हणायचात, खळ्यावर पहिल्या मापाला म्हणतात तसं, आणि त्यानंतर तोंडातून एक आकडा नाही. पूर्ण साप संपल्यावर मग दाणे मोजायचे. मी हसले होते. इथे प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर आहे आणि काका ज्वारी घेऊन बसलेत. तुम्ही म्हणालात, आकडा मनात चालू असला की माणूस पुढचा आकडा शोधायला लागतो, दाण्याला काही शोधायचं नसतं.

तीन आठवडे तुम्ही रोज बसने आलात. सगळे साप तुम्ही दोनदा मोजलेत, एकदा मानेकडून आणि एकदा शेपटीकडून. मग तुमची वही माझ्यापुढे ठेवलीत. मोठ्या बेटावरच्या सापांचे आकडे माझ्याशी जुळत होते. लहान बेटावरच्यांचे माझे आकडे एकेक, दोनदोन खवल्यांनी जास्त होते. फरक जो होता तो गेला. माझं प्रकरणही त्याच्याबरोबर गेलं.

चूक कुठे होती तेही तुम्ही दाखवलंत. पोटाचा पहिला खवला कुठून धरायचा हे ठरलेलं असतं. पण मानेखाली एक-दोन खवले असे असतात की धरले तर धरले, सोडले तर सोडले. ज्या बरणीवर लहान बेटाचं नाव होतं, तिथे मी ते धरले होते. दुसरीकडे सोडले होते.

“तू लबाडी केली न्हाईस,” तुम्ही म्हणालात. “तुझ्या हाताला उत्तर म्हाईत होतं.”

हे तुम्ही किती मायेनं म्हणालात ते मला आज कळतं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. चार वर्षांचं काम, संपत आलेली फेलोशिप, घरून दर रविवारी कधी संपणार म्हणून विचारणा. मी म्हटलं, “तुम्हाला काय कळतं ह्यातलं? तुम्ही बाटल्या पुसायचात तिथे.” मराठीत म्हटलं म्हणून लॅबमध्ये कुणाला समजलं नाही, पण ज्याला समजायला नको होतं त्याला समजलं. जे तुम्ही विश्वासानं सांगितलं होतं, तेच मी उचलून तुमच्या अंगावर फेकलं. तुम्ही दाणे पिशवीत भरलेत, झाकणं घट्ट केलीत, फडकं घेऊन एकेक बरणी पुसलीत आणि गेलात.

काका, मी चुकले. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. तुम्ही परत आलात त्या दिवशी म्हणायला हवं होतं, आणि बार्शीला फोन करायची तेव्हा दर वेळी म्हणायला हवं होतं. आपल्या माणसांशी मला ते जमत नाही. परक्या माणसाचा नुसता धक्का लागला तरी मी तीनदा सॉरी म्हणते.

परत आलात तेही तुम्हीच. दोन आठवड्यांनी दारात उभे. म्हणालात, स्पिरिट उडालं असेल, भरायला आलो. आणि भरता भरता म्हणालात की खवल्यांत फरक नाही म्हणजे सापात फरक नाही असं थोडंच आहे. म्हणालात, मला वेगळं वाटतं बघून, पण का ते सांगता येत नाही. तू असं कर, सगळ्यांचे टॅग कागदात गुंडाळ, बरण्यांवरची नावंही झाक. मला कळता कामा नये कुठला कुठला आहे.

मी गुंडाळले. तुम्ही चार दिवस काही न मोजता नुसते बघत बसलात. हातात घ्यायचात, उलटा करायचात, खिडकीशी न्यायचात. शेतावरच्या माणसाला आपली शेळी दुसऱ्याच्या कळपात ओळखू येते, तसंच काहीतरी चाललं होतं. पाचव्या दिवशी तुम्ही लांब टेबलावर दोन रांगा लावल्यात. गाइडबाईंना बोलावलं. मी एकेक कागद सोडवत गेले. एक सोडून सगळे साप आपापल्या बेटाच्या रांगेत होते.

त्या संध्याकाळी मला तुमचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या स्वतःच्या कुठल्याही परीक्षेच्या वेळी वाटला नाही. बाई तर लगेच वही घेऊन बसल्या. तुम्ही काय बघून लावलंत, हे विचारून विचारून आम्ही तुम्हाला भंडावून सोडलं. शेवटी निघालं ते असं, की लहान बेटावरच्या सापाच्या पाठीवरचे ठिपके कण्यावर येऊन एकमेकांना चिकटतात, दुसऱ्याचे सुटे राहतात, आणि मध्यावर अंगाभोवतीच्या खवल्यांच्या रांगा ह्याच्या कमी आहेत. पोटाकडे बघण्याच्या नादात मी पाठ नीट बघितलीच नव्हती. मग ते आम्ही रीतसर मोजलं, झाकलेल्या टॅगांनीच मोजलं, आणि ज्वारीनं मोजलं. नंतर ताज्या नमुन्यांचा डीएनएही तेच म्हणाला. साप स्वतंत्र होता. माझं म्हणणं खरं होतं आणि माझा पुरावा खोटा होता, हे तुम्ही नसतात तर मला कधी कळलंच नसतं.

राहिला तो बावीस नंबर. टॅगवर लहान बेट लिहिलंय, तुम्ही त्याला मोठ्या बेटाच्या रांगेत ठेवलात. मी म्हटलं, जुन्या काळी कुणीतरी टॅग चुकीचा बांधलाय, ह्याला पेपरमधून वगळू. तुम्ही भडकलात. वगळायचं नाही, लिहायचं. बसत नाही म्हणून लिहायचं. तुम्ही बार्शीला परत गेलात तरी हे भांडण फोनवर चालू राहिलं. भारतात फोन करायच्या कॉलिंग कार्डची मिनिटं त्या एका सापावर संपायची आणि तुमची खुशाली विचारायची राहून जायची. मला अजूनही वाटतं टॅगच चुकलाय. तुमचं म्हणणं होतं की वाटण्याचा काही संबंध नाही. आता मी पेपरात एक परिच्छेद घातलाय: हा एक नमुना आमच्या विभागणीत बसत नाही, कारण माहीत नाही. तुम्ही जिंकलात म्हणून नव्हे. तुम्ही उलट बोलायला नाही म्हणून मला जिंकता येईना.

ह्या सापाला तुमचं नाव द्यायचं मी ठरवून टाकलं होतं. बाईंनी समजावलं की तसं करता येत नाही. उपप्रजातीचं तीन शब्दांचं नाव आधीच आहे, दर्जा वाढला तरी तेच राहतं, फक्त मधला शब्द गळतो. मी हिरमुसले. तुम्ही फोनवर मोठ्यानं हसलात. म्हणालात, बरं झालं, त्याचं त्याला मिळालं, माझं कशाला चिकटवतीस? एरवी इंग्रजीत थँक्यू म्हणायला लाजणारे तुम्ही, ते लॅटिन नाव मधला शब्द गाळून दोनदा म्हणून बघितलंत. खणखणीत म्हणालात.

नाव सापाला नाही तर पेपरवर, असं मग ठरलं. त्यासाठी मला बाईंसमोर कबूल करावं लागलं की प्रोफेसर शेटे प्रोफेसर नाहीत. दिलेला शब्द मी तिथे मोडला, पण ह्या वेळी रागानं नाही. त्या चिडतील, संग्रहाचं दार बंद होईल, असं मी धरून चालले होते. बाई म्हणाल्या, ते कोण आहेत हे मी तुला विचारलंच नव्हतं, मोजलं कुणी एवढंच विचारलं होतं. ज्यानं मोजलं आणि ज्यानं वेगळं ओळखलं तो लेखक. दुसरं नाव त्यांचं.

पुढे पेपर पाठवायचा फॉर्म अडला. प्रत्येक लेखकाचं पद आणि संस्था लिहायची होती. तुम्ही फोनवर म्हणालात, “घालायचं तर खरं घाल, न्हाईतर नाव काढ. पण नितीनला विचारून.” नितीनदादाला विचारलं तर त्याचा चेहरा पडला. वाईट माणूस नाही तो, पण इथे आठ वर्षं सगळ्यांच्या तोंडून ‘सरांचा मुलगा’ ऐकलेलं. तो म्हणाला, नुसतं बार्शी, इंडिया लिही ना यार, पद कोण बघतंय? मी तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, मग थांब. आणि थांबवलंत ते थांबवलंतच. महिनाभर पेपर माझ्या टेबलावर पडून होता. बाई विचारायच्या आणि मी म्हणायची की घरचं आहे, होईल. त्या महिन्यात तुम्ही मला एकदाही घाई केली नाहीत, मुलाला एक शब्द बोलला नाहीत. आणि मग एका पहाटे तुम्ही झोपेतच गेलात.

नितीनदादा तीन आठवड्यांनी परतला, डोक्याचं मुंडण केलेला. बॅगा खाली ठेवून तसाच वर माझ्याकडे आला. पाणीसुद्धा नको म्हणाला. तिथे दहाव्याला कोण कोण आलं ते सांगत होता. सोलापूरचे दोन सर्जन, एक जनावरांचे डॉक्टर, शाळामास्तर तर कितीतरी. त्यातला एक सर्जन त्याचा हात धरून म्हणाला होता की चिरफाड आम्हाला कॉलेजातल्या सरांनी फळ्यावर शिकवली, पण सुरी धरलेल्या माझ्या हातावर हात ठेवला तो तुझ्या वडिलांनी. नितीनदादाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आपले वडील कुणाला काही शिकवत होते हे त्याला वडिलांच्या दहाव्याला कळलं. तो म्हणाला, फॉर्म उघड. मी उघडला. त्यानं मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः टाइप केलं: लॅबोरेटरी अटेंडंट, निवृत्त. कॉलेजचं नाव, बार्शी.  पेपर त्याच दुपारी गेला.

गेल्या रविवारी नितीनदादाच्या घरी सगळी मंडळी जमली होती. तुमचा फोटो, हार, वहिनीनं केलेला चहा. ऑफिसातले एक काका बोलायला उठले. सर किती मोठे प्राध्यापक होते, त्यांच्या हाताखाली किती पिढ्या घडल्या, असं ते मनापासून बोलत होते. मी खाली बघत होते. नितीनदादानं त्यांना मध्येच थांबवलं.

“काका, सॉरी, प्राध्यापक नव्हते ते. लॅब अटेंडंट होते,” तो म्हणाला. “आणि त्यांचा पेपर येतोय. एका सापावर.”

वहिनी ट्रे घेऊन होती तिथेच थांबली.  मग मागून एका छोट्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, हाऊ बिग इज द स्नेक? नितीनदादानं दोन्ही हात पसरून दाखवलं. काका, त्यानं तो जवळजवळ दुप्पट लांब दाखवला. तुम्ही असतात तर तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतंत. मी केलं नाही.